५.१ स्विच बॉक्स किटला मिळालेल्या दोन ताऱ्यांबद्दल

नमस्कार. आमचं किट म्हणजे स्वतः जोडायचा बॉक्स: नॉब फिरवला की डीव्हीडी प्लेअर किंवा कॉम्प्युटर यांपैकी एकाचे ५.१ आवाजाचे सहा सिग्नल रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरला, जातात. तुमच्या अभिप्रायात चार तक्रारी आहेत. नॉब फिरवला की स्पीकरमधून ‘धप्प’ येतो. कॉम्प्युटर जोडल्यापासून घरघर सुरू आहे, डीव्हीडी प्लेअर निवडलेला असतानाही. एक ऐकताना दुसऱ्याचा आवाज मागे बारीक लागतो. आणि कॉम्प्युटरवरचे संवाद सबवूफरमधून येतात. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘यापेक्षा मागे हात घालून सहा केबली बदललेल्या परवडल्या.’ पहिली तक्रार सरळ आमच्या पदरात. बाकीच्यांत थोडं इकडचं, थोडं तिकडचं.

आमच्या माहितीपत्रकात रेझिस्टरसमोर ‘ऐच्छिक’ असं छापलंय. ते चुकीचं आहे. तुमच्या फोटोत ते कुठेच दिसत नाहीत, आणि पत्रक वाचून काम करणाऱ्याने ते गाळले तर त्याला बोल लावता येत नाही. प्लेअरच्या आउटपुटला आतून एक कपॅसिटर असतो, डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) अडवण्यासाठी. स्विचने लाइन तोडली की काही उपकरणांत त्या कपॅसिटरला रिकामं व्हायला वाटच उरत नाही आणि बाहेरच्या टोकावर हळूहळू व्होल्टेज साचतं. नॉब पुन्हा त्या जागी आला की ते एका झटक्यात रिसीव्हरमध्ये जातं. तोच तुमचा धप्प.

साचलेल्या व्होल्टेजला ती वाट रेझिस्टर देतात. लहान पिशवीत १०० के (किलोओहम) चे १२ रेझिस्टर आहेत (तपकिरी-काळा-पिवळा) आणि ४७० के चे ६ (पिवळा-जांभळा-पिवळा). १०० के वाले बाराही इनपुट सॉकेटवर, मधली पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावा. ४७० के वाले तसेच सहा आउटपुटवर. इनपुटचे रेझिस्टर स्विचच्या अलीकडेच हवेत, म्हणजे न निवडलेलं उपकरणही सतत रिकामं होत राहतं. याने आवाज दबेल अशी शंका येते. प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) १ के आणि रिसीव्हरचा इनपुट ४७ के धरला तर फरक साधारण ०.१ डेसिबल पडतो. कानाला कळत नाही.

लावून झाल्यावर सगळ्या केबली काढा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक आउटपुट सॉकेट मोजा. नॉबच्या दोन्ही जागांवर सुमारे ८२ के दिसायला हवेत. १०० के दिसले तर आउटपुटचा रेझिस्टर राहिला किंवा त्याचं सोल्डर धरलेलं नाही. ४७० के दिसले तर इनपुटचा रेझिस्टर राहिला, नाहीतर स्विचचा कॉन्टॅक्ट लागत नाही. बहुतेकदा ड्राय (नीट न धरलेलं) सोल्डर, किंवा टॅगवर, म्हणजे स्विचच्या सोल्डर करायच्या पायावर, जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न धरल्यामुळे वेफरमध्ये (स्विचच्या कॉन्टॅक्ट असलेल्या चकतीत) उतरलेलं फ्लक्स. शून्य आलं तर वायरची एखादी काडी ग्राउंडला टेकली आहे. टॅगवर तीन सेकंद पुरतात. एवढं करूनही बारीकसा ‘टक्’ राहू शकतो. फिरवताना व्हॉल्यूम खाली घ्या.

घरघरीचं मूळ मात्र बॉक्समध्ये नाही. आमचा रोटरी स्विच फक्त सहा सिग्नल बदलतो, ग्राउंड सगळ्यांचे कायम एकत्र असतात. म्हणून कॉम्प्युटर नुसता जोडलेला असला तरी, डीव्हीडी निवडूनही, ग्राउंडच्या वायरींचा लूप (बंद वळसा) तयार राहतो आणि त्यातून घरघर येते. ग्राउंडही स्विच करायचे होते, असं तुम्ही सुचवलंत. ते आम्ही मुद्दाम केलेलं नाही: रोटरीचे सगळे कॉन्टॅक्ट एकाच क्षणी सुटत नाहीत, आणि ग्राउंड आधी सुटून सिग्नल जोडलेला राहिला तर स्पीकरमध्ये जो गडगडाट होतो त्यापुढे हा धप्प काहीच नाही. आधी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. मग केबल टीव्हीची किंवा अँटेनाची वायर कॉम्प्युटर अथवा टीव्हीतून काढून पाहा. घरघर थांबली तर त्या वायरवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन ग्राउंडची जोड तोडणारा छोटा भाग) बसवा, काम तिथेच संपतं. सहाही सिग्नलवर तसंच काम करणारे लाइन ट्रान्सफॉर्मर बसवणं हा शेवटचा मार्ग. छोटे, स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचा बास बिघडवतात. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. आत कुठे बिघाड झाला तर मेन्सचा करंट थेट या पत्र्याच्या बॉक्सवर येईल.

मागून लागणारा आवाज हा तुमच्या नीटनेटकेपणाचा प्रताप आहे. फोटोत बारा वायरी वेणीसारख्या घट्ट बांधलेल्या दिसतात. दिसायला सुरेख, पण शेजारच्या दोन वायरींत ५० पिकोफॅरड कपॅसिटन्स आला तरी २० किलोहर्ट्झवर दुसऱ्याचा सिग्नल जेमतेम ४४ डेसिबल खाली राहतो. टाय कापा, वायरी आखूड करा, दोन उपकरणांच्या वायरी बॉक्सच्या दोन बाजूंनी न्या. मधे १ मिलिमीटरची टिन केलेली ग्राउंडची तार आडवी टाकली तर आणखी बरं. वायरिंगच्या चित्रात हे अंतर दाखवायला हवं होतं, तेवढं आमचं चुकलं.

संवादांचं उत्तर सोपं आहे. साउंड कार्डच्या नारिंगी जॅकवर सेंटर (संवादांचा मधला स्पीकर) आणि सब (सबवूफर) एकत्र येतात, आणि कोणतं प्लगच्या टोकावर व कोणतं त्यामागच्या रिंगवर हे सगळ्या कार्डांत सारखं नसतं. त्या केबलचे दोन आरसीए प्लग बॉक्सवर आपसांत बदला. सब एरवीही दबका वाटला तर रिसीव्हरच्या मल्टिचॅनेल इनपुटसाठी सबची पातळी १० डेसिबल वाढवता येते का ते मेनूत पाहा. या इनपुटवर ती बऱ्याचदा हातानेच वाढवावी लागते. स्पीकरचं अंतर आणि बासची विभागणी बहुतेक वेळा प्लेअरच्या किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्येच करायची असते.

नॉब तिसऱ्या जागेवरही जातो आणि तिथे शांतता असते, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंत. हा वेफर मुळात चार जागांचा आहे. नटाखालच्या स्टॉप वॉशरची जीभ दुसऱ्या जागेनंतरच्या भोकात बसवा, नॉब तिथे अडेल.

पत्रकातला ‘ऐच्छिक’ शब्द आम्ही काढतो आहोत. रेझिस्टरची पिशवी हाताशी नसेल तर इथेच कळवा. अठराही रेझिस्टर आमच्या खर्चाने पाठवतो.