सीझनला खानावळ काढताय? मग एवढं कराच

मे महिना आला की पुण्या-मुंबईच्या गाड्या तारकर्लीत घुसणार, तुम्ही अंगणात पत्रे टाकून टेबलं मांडणार, ठरलेलंच आहे. म्हटलं चार सल्ले द्यावेत. आमचं अख्खं घर नुकतंच अशा एका जेवणानंतर आळीपाळीने संडासात बसून उठलंय, त्यामुळे अधिकाराने बोलतोय.

बोर्डावर 'घरगुती' लिहा. मग लायसन कोण विचारतंय.

बेसिनवर साबण ठेवू नका, उगाच संपतो.

सोलकढी मात्र हातानेच पिळा हां. सुरमई कडकडीत तव्यावर जाते, तिथे जंतू बिचारे मरतात, सोलकढीला विस्तवच लागत नाही. त्यामुळे संडासला जाऊन आलेला, नोटा मोजलेला हात तसाच खोबऱ्यात घाला. रक्ताचे जुलाब लावणाऱ्या शिगेलाचे दहा ते शंभर जंतूसुद्धा माणसाला आडवं करायला पुरतात, म्हणजे एक नख पुष्कळ झालं.

आचारी धडधाकट दिसला की झालं, तपासणी कशाला? टायफॉइड होऊन गेलेल्या शंभरातल्या एक ते पाच जणांच्या पोटात, बहुतेकदा पित्ताशयात, जंतू वर्षानुवर्षं मुक्काम करतात, माणूस ठणठणीत आणि जंतू शीवाटे बाहेर. न्यूयॉर्कची मेरी मॅलन अशीच, स्वयंपाकीण, तब्येत एकदम झकास. संशय गेला तो तिच्या पीच घातलेल्या आईस्क्रीमवर, कारण तेही शिजत नाही. १९०७ मध्ये तिला धरून वेगळं ठेवलं, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर १९१० मध्ये सोडलं, तर बाई नाव बदलून थेट हॉस्पिटलच्या किचनमध्ये! १९१५ मध्ये पुन्हा धरली ती १९३८ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. आपल्याकडे असली कटकट नाही. वर्षातून एकदा मेडिकल करायचं असा नियम आहे, पण ओळखीच्या डॉक्टरचा शिक्का मिळतोच की.

आणि पोऱ्याला जुलाब लागले तर सुट्टी बिलकुल देऊ नका. बिल देताना माझ्या कानावर आलंच, "गोळी खा आणि वाढूक लाग, आज सगळी टेबलां फुल आसत." पोरगं पोट धरून उभं होतं हो, भाताचं पातेलं हातात, चेहरा पांढराफटक, आणि हा मालक गल्ल्यावर बसून पानाला चुना लावतोय!

लाज वाटत नाही? थाळीचे रेट दर सीझनला वाढवता, त्यातून त्या पोराला चार दिवस पगारी झोपू देता येत नाही? जुलाब थांबल्यावरही दोन दिवस त्याला अन्नाला हात लावू द्यायचा नसतो, एवढं साधं कळत नाही? आणि फोन केला तर म्हणे "तुमका पाणी बाधला असतला". पाणी कसलं बाधतंय, आम्ही बाटलीचं पीत होतो! तुमच्या संडासाबाहेर नळ आहे, त्याला पाणी नाही, साबण तर नाहीच, आणि दार उघडलं की समोर किचन. आधी तिथे साबण ठेवा, आचाऱ्याची शी तपासून घ्या, मग घाला ती नवीन टेबलं.