एका टाळीनं सुपर ८ चा आवाज जुळत नाही

माझी आई ८६ वर्षांची आहे. जात्यावरच्या ओव्या तिला अजून येतात, पण दम लागतो, त्यामुळे एका बैठकीत चार-पाचच होतात. भाचीनं त्या सुपर ८ वर, म्हणजे आठ मिलिमीटर रुंद फिल्मच्या घरगुती कॅमेऱ्यावर, टिपायचं ठरवलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. आणि तयारी म्हणून भरवसा ठेवला तो सगळीकडे फिरणाऱ्या एका मेसेजवर: ‘कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, बाकी सॉफ्टवेअर जुळवून घेतं. महागडी यंत्रं विकणारे उगाच घाबरवतात.’

रीळ धुऊन, स्कॅन होऊन आलं. ‘पहिली माझी ओवी’ बरोबर जुळली. शेवटच्या ओवीला आवाज संपला, तरी आईचे ओठ हलतच होते. मेसेज लिहिणाऱ्याचं यात काहीच गेलं नाही.

‘२४ म्हणजे २४’ हे पहिलं खोटं. बहुतेक घरगुती सुपर ८ कॅमेऱ्यांची मोटर वेग अचूक ठेवणाऱ्या क्रिस्टलवर बांधलेली नसते. बटणावर २४ लिहिलेलं असलं, तरी बॅटरी किती भरली आहे, थंडी किती आहे, काडतुसात, म्हणजे फिल्मच्या डबीत, फिल्म किती घासते, यावर खरा वेग ठरतो. ५० फुटी काडतुसात ३,६०० फ्रेम असतात, म्हणजे २४ च्या वेगानं अडीच मिनिटं. कॅमेरा साडेचोवीसनं पळाला, तर त्या फ्रेम सुमारे १४७ सेकंदांतच संपतात. पडद्यावर मात्र २४ च्या वेगानं त्यांना १५० सेकंद लागतात. शेवटी तीन सेकंदांचा फरक! आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची आयटीयू-आर बीटी.१३५९ ही शिफारस सांगते की आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला, की माणसाच्या लक्षात येऊ लागतं. २४ च्या वेगात एक फ्रेमच जवळपास ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे साडेचोवीसनं पळणारा कॅमेरा टाळीनंतर दोन-सव्वादोन सेकंदांतच ती मर्यादा ओलांडतो. चावीच्या कॅमेऱ्याचं तर बोलूच नका; तिथं स्प्रिंग सैल पडत जाते.

टाळीनं भागलं असतं, तर लोकांनी एवढा खटाटोप केला असता का? १९६० च्या सुमारास माहितीपट बनवणारे रिचर्ड लीकॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी कॅमेरा आणि टेप रेकॉर्डर एका चालीत ठेवायला ॲक्युट्रॉन घड्याळातला ३६० हर्ट्झचा स्वरकाटा (ठरावीक वेगानं कंप पावणारा धातूचा चिमटा) वापरला. पुढं १९७० च्या दशकात याच लीकॉकनी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात सुपर ८ साठी वेगळ्या आवाजाची आख्खी यंत्रणा उभी केली. टाळी फक्त सुरुवात कुठं आहे ते सांगते. पुढं दोघं बरोबर चालतील याची हमी ती देत नाही.

आता ‘सॉफ्टवेअर जुळवून घेतं’. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सॉफ्टवेअर जुळवतं ते दोन आवाजांच्या लहरी: व्हिडिओ कॅमेऱ्यात आलेला आवाज आणि रेकॉर्डरवरचा आवाज. आजच्या सुपर ८ फिल्मवर आवाजच नाही! ते जुळवणार कशाशी? हे लिहिणाऱ्यानं एकदाही स्वतः करून पाहिलेलं नाही, एवढंच यातून कळतं.

फिल्मवरच आवाज टिपणारी जुनी आवाजपट्टीवाली काडतुसं मिळवा, हाही सल्ला त्या मेसेजात आहे. ती १९९७ मध्येच बंद झाली. त्यातलं कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म असेल, तर २०१० नंतर ते रंगीत धुऊन देणारी लॅबही राहिली नाही. शिवाय ते उंच काडतूस साध्या मूक कॅमेऱ्यात बसतच नाही. कॅमेऱ्यावर गोधडी टाकली, की खडखड कमी होते, हे मात्र खरं. आणि मान्य करायला जिवावर येतं, तरी मान्य करतो: डिजिटल रेकॉर्डर अडीच मिनिटांत जाणवण्याइतका सरकत नाही, आणि तीन-चार सेकंदांचा तुकडा बहुतेक वेळा एका टाळीवर निभावतो. पण ओवी तीन सेकंदांची नसते.

घरचाच कॅमेरा वापरायचा, तर टाळी दोनदा वाजवा, सुरुवातीला आणि शेवटी. मधल्या फ्रेम मोजा, रेकॉर्डरवरच्या सेकंदांनी भागा. ३,४८० फ्रेम आणि १४२ सेकंद आले, तर वेग साधारण २४.५. तेवढ्या प्रमाणात चित्राचा वेग वाढवा, आवाजाला हात लावू नका. मधेच मोटर मंदावली असेल, तर तेही पुरत नाही. मग तुकडे पाडायचे, आणि सांधा लपवायला जात्यावरच्या हातांचे शॉट आधीच घेऊन ठेवायचे.

भाचीच्या रिळात शेवटची टाळी नाही. मेसेजनं सांगितलं होतं, फिल्म वाचवा. म्हणून मी आता प, ब, म शोधत बसतो, जिथं आईचे ओठ मिटतात, आणि एकेक अक्षर आवाजाखाली आणून ठेवतो. दोन ओव्या झाल्या आहेत.