पुस्तक दाकारचे, किंमत पॅरिसची

आफ्रिकेतील बहुतेक फ्रेंच वसाहती १९६० साली स्वतंत्र झाल्या, पण तिथल्या लेखकांची हस्तलिखिते त्यानंतरही पॅरिसच्याच पत्त्यावर जात राहिली. आलियून दियोप यांनी १९४७ साली काढलेले ‘प्रेझाँस आफ्रिकेन’ हे नियतकालिक आणि त्यातून उभे राहिलेले प्रकाशनगृह यांचे ऋण फार मोठे आहे. तरीही ते प्रकाशनगृहसुद्धा पॅरिसचेच.

आयव्हरी कोस्टचे आमादू कुरुमा यांच्या पहिल्या कादंबरीची कथा मला या बाबतीत फार बोलकी वाटते. तिच्यातली फ्रेंच त्यांच्या मलिंके या मातृभाषेच्या वळणाने चालते, आणि पॅरिसच्या प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर १९६८ मध्ये माँट्रियल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ती छापली, तीही राजकीय तपशिलांचा बराचसा मजकूर गाळायला लावून. दोनच वर्षांनी पॅरिसच्या एका नामांकित प्रकाशनगृहाला तीच कादंबरी छापण्याजोगी वाटली!

स्थानिक प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कॅमेरूनमधील याउंदे येथे १९६३ साली ‘क्ले’ हे प्रकाशनगृह सुरू झाले, तर १९७२ साली सेनेगलची राजधानी दाकारमध्ये ‘नूव्हेल झेदिस्याँ आफ्रिकेन’ स्थापन झाले, ज्यात आफ्रिकी सरकारांबरोबर फ्रेंच प्रकाशकांचेही भांडवल होते. याच संस्थेने १९७९ मध्ये मारियामा बा यांची पत्ररूप कादंबरी काढली आणि पुढच्याच वर्षी तिला आफ्रिकी पुस्तकांसाठीचा पहिला नोमा पुरस्कार मिळाला. पुस्तक आफ्रिकेतच प्रकाशित झालेले असावे, अशी त्या पुरस्काराची अट होती. एका जपानी प्रकाशकाने घातलेली ही अट मला कित्येक सांस्कृतिक करारांपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

फ्रेंच सोडून मातृभाषेत लिहा, म्हणजे प्रश्न सुटेल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. सेनेगलचे बुबाकार बोरिस दियोप यांनी २००३ साली वोलोफ या तिथल्या भाषेत कादंबरी लिहून ते करूनही दाखवले, आणि मला त्याचे मोल वाटते. परंतु माझ्या मते खरी गाठ किमतीपाशी आणि प्रकाशनाच्या हक्कांपाशी आहे. पॅरिसमध्ये २२ युरोंना मिळणारी कादंबरी दाकारच्या दुकानात त्याच भावाने विकायची म्हटली, तर १४ हजारांहून अधिक सीएफए फ्रँक (सेनेगलसह अनेक आफ्रिकी देशांचे चलन) मोजावे लागतात, आणि तेवढ्या पैशांत घरातल्या कितीतरी गरजा भागतात. जानेवारी १९९४ मध्ये या चलनाचे मूल्य फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत निम्मे केले गेले, तेव्हा आयात पुस्तके एका रात्रीत दुप्पट महाग झाली.

म्हणूनच अल्जीरियातील अल्जियर्सच्या ‘बारझाख’ या प्रकाशनगृहाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. कामेल दाऊद यांची कादंबरी तिथे २०१३ मध्ये आधी निघाली आणि फ्रान्समधली आवृत्ती नंतर, २०१४ मध्ये आली. सेनेगलचे मोहामेद म्बुगार सार यांना २०२१ साली गोंकूर हा फ्रान्सचा मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला, ती कादंबरीही पॅरिसच्या फिलिप रे आणि सेनेगलच्या ‘जिमसान’ या दोन छोट्या प्रकाशकांनी मिळून काढली होती. पुरस्काराच्या बातम्यांत त्यातले दुसरे नाव मला फारच क्वचित दिसले.