कितवा नंबर आला, हे नंतर विचारा

सायक्लोक्रॉस हा मला माहीत असलेला सगळ्यात माणसाळू खेळ आहे आणि तो आपल्याकडे महाराष्ट्रात यावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. सवडीने वाचा.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ही मैदानातली सायकल शर्यत. गवत, चिखल, वाळू, चढउतार असलेल्या मैदानात पट्ट्या बांधून अडीच ते साडेतीन किलोमीटरचा वळणावळणाचा फेरा आखतात. मध्ये 40 सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या आडव्या उभ्या करतात. तिथे चालत्या सायकलवरून उतरायचं, सायकल उचलून पळत फळ्या ओलांडायच्या आणि पळता पळताच पुन्हा टांग टाकायची. चढ फारच निसरडा असेल तर सायकल खांद्यावर घ्यायची आणि धावायचं. अंतर नाही, वेळ ठरलेली असते. नवख्यांना साधारण अर्धा तास, सरावलेल्यांना पाऊण तास, जागतिक पातळीवरच्या पुरुषांना तासभर.

आणि आता खरी गोम. पहिला आलेला शेवटची रेघ ओलांडतो, त्यानंतर जो जो त्या रेघेवर पोचेल त्याची शर्यत तिथेच संपते. तुमच्या दोन फेऱ्या कमी झाल्या असल्या तरी. मॅरेथॉनमध्ये मी पाहिलंय, शेवटची माणसं येतात तेव्हा मंडप उतरवायला सुरुवात झालेली असते, पाण्याची टेबलं रिकामी असतात. इथे असं कुणीच मागे एकटं राहत नाही. सगळे एकाच वेळी धापा टाकत असतात आणि सगळ्यांसाठी टाळ्या वाजवायला लोक हजर असतात. हा नियम ज्याने कुणी काढला त्याला माणसं कळत होती.

आम्ही नवराबायको ऑरेगनमध्ये राहतो, पोर्टलंडजवळ. इथे क्रॉस क्रुसेड नावाची हौशी लोकांची मोठी मालिका आहे. तिच्यातला आमचा सगळ्यात लाडका शनिवार-रविवार म्हणजे हॅलोविनच्या सुमाराचा, अ‍ॅस्टोरियाचा. कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथलं हे गाव, त्यामुळे पाऊस आणि वारा ठरलेलाच. दोन्ही दिवस शर्यती, लोक वेगवेगळी सोंगं घेऊन सायकल चालवतात, आणि आमच्याबरोबर बुंदी असते. बुंदी आमची कुत्री. शेल्टरमधून आणलेली, पिवळट रंगाची, एक कान कायम पडलेला.

दिवसाची आखणी बुंदीभोवतीच होते. माझी शर्यत सकाळी, नवऱ्याची दुपारी, म्हणजे एकाच्या हातात हँडल तर दुसऱ्याच्या हातात पट्टा. मी टायर अंगठ्याने दाबून बघत असते. ओल्या गवतात हवा 25 पीएसआयच्याही खाली न्यावी लागते, नाहीतर वळणावर चाक सुळकन निसटतं. तेवढ्यात तो बुंदीला घेऊन फळ्यांपासून थोडा लांब, चढाच्या अंगाला जाऊन उभा राहतो. लांब अशासाठी की फळ्यांपाशी लोक मोठमोठ्या घंटा वाजवतात आणि तो आवाज तिला सोसत नाही. फेरा छोटा असल्यामुळे दर आठ-दहा मिनिटांनी मी तिच्यासमोरून जाते. चिखलाने तोंड माखलेलं असतं, हेल्मेट, चष्मा, काही ओळखू यायची सोय नाही. तरी माझा खोकला ऐकला की ती मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि तिला धरून ठेवताना त्याचा हात पार ताणला जातो.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. कुत्र्याला अशा ठिकाणी मोकळं सोडणं म्हणजे क्रूरपणा आहे, त्याच्यावर आणि सायकलस्वारांवरही. फेऱ्याला बांधलेल्या पट्ट्यांखालून कुत्रं आत घुसलं की वेगात येणारा माणूस काहीच करू शकत नाही. लांब सुटणारा पट्टा नको, आखूड हवा. काही मैदानांवर कुत्र्यांना बंदीच असते, तिथे त्याला नेऊन दिवसभर गाडीत कोंडून ठेवण्यापेक्षा कुणाकडे तरी ठेवून यावं. आणि घरी निघण्याआधी पंजांच्या बोटांमधला चिखल कोमट पाण्याने धुवायचा. तो तसाच वाळला की कातडी फाटते.

पहिल्या दिवशी रात्री सासूबाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "काय गं, कितवा नंबर आला?" मी म्हटलं, "आई, चाळिसावा की काय तो." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बरं. बुंदीचं अंग नीट पुसलंस ना? गारठा असेल तिकडे."

त्यांच्या प्रश्नात काही वावगं नाही. आपण सगळे त्याच प्रश्नावर वाढलो. शाळेत नंबर आला तर खेळ, नाही आला तर अभ्यास. आणि दहावीनंतर खेळ संपलाच. मुलींचा तर त्याही आधी. पण चाळिसाव्या नंबरासाठी एकेचाळिसाव्या बाईशी मी काय जिवाच्या आकांताने लढले, ते कुणाला कसं सांगू! ती चढावर पुढे जायची, मी उतारावर तिला गाठायची. शेवटच्या वळणाला ती बाहेरून गेली, मी आतून. नंतर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. पुढे कुणीतरी पहिली आली होती याचा आमच्या त्या झुंजीशी काडीचाही संबंध नव्हता.

पुरुषांची जागतिक स्पर्धा 1950 साली पॅरिसला सुरू झाली. बायकांसाठी ती सुरू व्हायला 2000 साल उजाडलं. पन्नास वर्षं! त्यानंतर नेदरलँड्सच्या मारियाना व्होसने 2006 साली पहिल्यांदा हे विजेतेपद मिळवलं आणि आठव्यांदा मिळवलं ते 2022 मध्ये, इथे अमेरिकेत, आर्कान्सामधल्या फेएटव्हिलला, चौतिसाव्या वर्षी. चौतिसाव्या वर्षी आपल्याकडे बाईला विचारतात, अजून सायकल चालवतेस?

आता महाराष्ट्राबद्दल. मुंबई-पुणे शर्यतीतला घाटाचा राजा आपल्याला ठाऊक आहे. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी 2015 मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा ऊर भरून आला होता. पण ही असामान्य माणसांची कामं. बँकेत नोकरी करणाऱ्या, दोन मुलं असलेल्या, रविवारी सकाळी दोन तास मिळणाऱ्या माणसाने कुठे उतरायचं? रहदारीच्या रस्त्यावर? सायक्लोक्रॉसला रस्ता बंद करावा लागत नाही, पोलिसांचा बंदोबस्त लागत नाही. एखाद्या शेतकऱ्याचं पड शेत रीतसर भाडं देऊन घ्या, किंवा गावाबाहेरचं मैदान. महागडी सायकलही नको, हौशी शर्यतीत साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, उत्तम चालते. चिखलाची तर आपल्याकडे ददात नाही. फक्त कास किंवा तसल्या पठारांवर मुळीच जाऊ नका, पावसाळ्यात तिथली फुलं चाकाखाली चिरडली जातील.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठलाही सायकल ग्रुप हे करून बघणार असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. फेरा कसा आखायचा, वळणं किती रुंद ठेवायची, गट कसे पाडायचे, हे सगळं मी लिहून पाठवते. पहिल्याच वर्षी बायकांची शर्यत वेगळी आणि चांगल्या वेळेला ठेवा, उरलेल्या वेळात घुसवू नका. आणि कुत्री घेऊन येणाऱ्यांसाठी फेऱ्यापासून लांब सावली आणि पाण्याची सोय आधीच करून ठेवा.