छप्पर उडण्याआधी वाचा

अमेरिकेत, लुइझियानाच्या किनाऱ्याजवळ मोटेल घेताय? अभिनंदन. पॉलिसी वाचायच्या भानगडीत पडू नका. सुरुवातीला काय मिळेल ते असतं, पुढच्या सगळ्या पानांवर ते का मिळणार नाही ते.

वादळ आलं की पळू नका, पाणी कुठून शिरतंय ते बघत उभे राहा. उडालेल्या छपरातून आलं तर वाऱ्याचं, त्याचा विमा आहे. जमिनीवरून आलं तर पुराचं, त्याची पॉलिसी वेगळी. दोन्हीकडून आलं तर? काही पॉलिसींत अशी सोय आहे की मग वाऱ्याचंही विसरायचं. तेव्हा पाण्याला रांगेने यायला सांगा.

आणि एका मोसमात एकच वादळ मागवा. लुइझियानातल्याच लेक चार्ल्स शहरात 27 ऑगस्ट 2020 ला लॉरा आलं आणि छपरावरच्या निळ्या ताडपत्र्या निघायच्या आत, 9 ऑक्टोबरला, डेल्टा. आता गालिच्यातली ओल कुठल्या वादळाची, सांगा! वजावट, म्हणजे नुकसानीतला तुम्ही सोसायचा वाटा, तीही नुकसानीवर नसते, विम्याच्या रकमेवर असते. चाळीस लाख डॉलरच्या इमारतीला पाच टक्के, म्हणजे पहिले दोन लाख तुमच्याच खिशातून. सर्व्हेअर शिडी लावून वर जाईल, चार फोटो काढील आणि 'जुनी झीज' असं लिहून उतरेल. त्याला चहा विचारा, बिचारा लांबून आलेला असतो.

पुरावे मिळून 30 दिवसांत विनाकारण पैसे दिले नाहीत तर पन्नास टक्के दंड, असा लॉराच्या वेळी तिथला कायदा होता. म्हणूनच कंपनी कारण देते.

तुम्ही गावच्या कोर्टात जाल, कारण ज्युरीतल्या निम्म्यांच्या घरांवर ताडपत्री असेल. पण कंपनी परराज्यातली, वाद 75,000 डॉलरच्या वरचा. तिचा वकील 30 दिवसांत दावा फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात नेईल. कायदा तिथेही लुइझियानाचाच. फक्त राज्याच्या कोर्टात बारापैकी नऊ ज्युरर पटले की भागतं, फेडरल कोर्टात सगळे पटावे लागतात. एवढंच.

घाई मात्र नको. लेक चार्ल्सच्या 22 मजली कॅपिटल वन टॉवरच्या काचा लॉराने फोडल्या. मालक आणि विमा कंपनी कोर्टात गेले, शेवटी तडजोड झाली आणि 7 सप्टेंबर 2024 ला इमारत सुरुंग लावून पाडली. चार वर्षं खिडक्यांना फळ्या ठोकून ती शहाण्यासारखी उभी होती. तुमचं मोटेल तर दोनच मजली.

तोवर पुढच्या वर्षाचा हप्ता मुदतीत भरा. तो घ्यायला कंपनी सर्व्हेअर पाठवत नाही.