नॅनोट्यूबच्या दाव्यातून काय गाळलं जातं

प्लास्टिकच्या सौरघटात चिमूटभर कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळा, वीज एक तृतीयांशाने वाढते. कारण नॅनोट्यूब तांब्याच्या हजारपट वीज वाहते. सिलिकॉनचे दिवस आता भरले. अशा अर्थाचा मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. यातल्या बहुतेक तुकड्यांना कुठे ना कुठे खरा आधार आहे. घोळ आहे तो ते एकमेकांना जोडण्यात.

‘एक तृतीयांश जास्त वीज’

हा आकडा २०११ सालचा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये संशोधक अँजेला बेल्चर यांच्या गटाने एम१३ या विषाणूच्या मदतीने नॅनोट्यूब एकमेकींना चिकटू न देता सुट्या ठेवल्या, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड चढवला आणि घटाची कार्यक्षमता ८ टक्क्यांवरून १०.६ टक्क्यांवर नेली. काम अस्सल आहे. पण तो घट डाय-सेन्सिटाइज्ड होता: टायटॅनियम डायऑक्साइडचा सच्छिद्र थर, त्याला चिकटलेलं रंगद्रव्य आणि भोवती इलेक्ट्रोलाइट. प्लास्टिकचा घट, म्हणजे पॉलिमर आणि फुलरीन (कार्बनचा चेंडूसारखा रेणू) यांच्या मिश्रणाचा घट, ही वेगळीच चीज आहे. शिवाय याच कामात असंही दिसलं होतं की अर्धवाहक नॅनोट्यूब फायदा करतात आणि धातूसारख्या वाहणाऱ्या नॅनोट्यूब नुकसान. फिरणाऱ्या मजकुरात हे वाक्य सापडत नाही.

‘तांब्याच्या हजारपट’

हजारपट आहे ती विद्युतप्रवाह झेपण्याची क्षमता: चौरस सेंटिमीटरला सुमारे अब्ज अँपिअर, तर तांब्याची तार दहा लाखांच्या आसपास झिजू लागते. सौरघटातून वाहतात चौरस सेंटिमीटरला २०-२५ मिलिअँपिअर. तिथे ही क्षमता कामाची नाही. कामाचा असतो रोध, आणि एकभिंती (कार्बनचा एकच थर गुंडाळलेल्या) नॅनोट्यूबचा रोध, ती कितीही निर्दोष असली तरी, सुमारे ६,५०० ओहमच्या खाली जात नाही. जाळं विणलं की एक ट्यूब दुसरीला जिथे टेकते तो प्रत्येक जोड याहून बराच जास्त रोध घालतो.

‘फक्त मिसळायचं’

खरी अडचण इथे आहे. पी३एचटी (पॉलिमर) आणि पीसीबीएम (फुलरीन) यांच्या घटाचा नेहमीचा नमुना घ्या: प्रत्येकी २० मिलिग्रॅम, १ मिलिलिटर डायक्लोरोबेन्झीनमध्ये. ०.१ टक्का नॅनोट्यूब म्हणजे फक्त ४० मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळेतल्या साध्या तराजूवर एवढं वजन होतच नाही. म्हणून ४ मिलिग्रॅम ट्यूब १०० मिलिलिटर द्रावकात घालायच्या, बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून अल्ट्रासाउंड द्यायचा, आणि मग त्याच द्रावकात पॉलिमर विरघळवायचं. मोठ्या गुठळ्या काढायला सेंट्रिफ्यूज केलं तर वरच्या द्रवात नेमकं किती उरलं, ते प्रकाशशोषण मोजून ठरवावं लागतं. ‘०.१ टक्का’ असं लिहिलेलं पुष्कळदा सुरुवातीला घातलेलं प्रमाण असतं, थरात उतरलेलं नव्हे. अल्ट्रासाउंड कमी झाला तर एकमेकींना चिकटलेल्या ट्यूबच्या जुड्या सुटत नाहीत. जास्त झाला तर ट्यूब तुटतात.

आता मापं शेजारी ठेवा. प्रकाश शोषणारा थर १०० ते २०० नॅनोमीटर जाड, ट्यूब साधारण १,००० नॅनोमीटर लांब. स्पिन कोटिंगमध्ये (काच गरगर फिरवून द्रावण पसरवताना) बहुतेक ट्यूब आडव्या पडतात, पण जुडीचं एखादं टोक वर डोकावतंच. त्यावर वरच्या इलेक्ट्रोडचं ॲल्युमिनियम बसलं की वरचा आणि खालचा इलेक्ट्रोड थेट जोडले जातात. मग ०.६ व्होल्टचा घट ०.४ व्होल्टवर येतो आणि फिल फॅक्टर (प्रवाह-व्होल्टेजचा आलेख किती भरीव आहे त्याचं माप) ०.२५कडे घसरतो, म्हणजे तो आलेख वक्र न राहता सरळ रेषा होतो. साधा शॉर्ट.

शॉर्ट टळला तरी दुसरं दुखणं राहतं. बनवलेल्या एकभिंती नॅनोट्यूबपैकी साधारण एक तृतीयांश धातूसारख्या असतात. त्यांत इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर राहणारी धन जागा) दोन्ही शिरतात आणि तिथेच एकमेकांना संपवतात. ट्यूब बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकाचे लोखंड-कोबाल्टचे कण उरले असतील तर भर पडते. अर्धवाहक ट्यूब वेगळ्या करता येतात, साबणाच्या द्रावणात घनतेच्या उतारावर सेंट्रिफ्यूज करून किंवा पॉलिफ्लोरीन हे पॉलिमर गुंडाळून. पण गुंडाळलेलं पॉलिमर किंवा साबण नीट धुतलं नाही, तर वाहक ट्यूबवर निरोधक आवरण चढवल्यासारखं होतं.

मग उपयोग कुठे?

पारदर्शक इलेक्ट्रोडमध्ये. नेहमी वापरला जाणारा आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइड) वाकवला की तडकतो, नॅनोट्यूबचं जाळं तडकत नाही. २००६ मध्ये लवचीक प्लास्टिकवर अशा इलेक्ट्रोडने २.५ टक्के कार्यक्षमता मिळाली, काचेवरच्या आयटीओने ३ टक्के. फार मागे नाही, पण पुढेही नाही. आणि तो फरक घट मोठा करताना वाढतो. एका कडेने वीज गोळा करणाऱ्या पट्टीत वाया जाणारा हिस्सा सुमारे (पृष्ठरोध × प्रवाह × रुंदीचा वर्ग) ÷ (३ × व्होल्टेज) एवढा असतो; पृष्ठरोध म्हणजे पातळ थराच्या चौरस तुकड्याचा रोध. चौरस सेंटिमीटरला २५ मिलिअँपिअर, ०.७ व्होल्ट आणि अर्धा सेंटिमीटर रुंदी धरा. आयटीओच्या १५ ओहमला साडेचार टक्के जातात, नॅनोट्यूबच्या १०० ओहमला तीस. रुंदी १ सेंटिमीटर केली की नॅनोट्यूबसाठी हे सूत्र शंभर टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे तो घट चालणारच नाही. नायट्रिक ॲसिड किंवा मॉलिब्डेनम ऑक्साइडचं डोपिंग (वहन वाढवायला दिलेली भर) रोध खाली आणतं, पण ॲसिडचा परिणाम हवेत हळूहळू उतरतो.

‘सिलिकॉनचे दिवस भरले’

सेंद्रिय, म्हणजे प्लास्टिकच्या, घटांच्या कार्यक्षमतेने झेप घेतली ती वाय६सारख्या नव्या स्वीकारक (फुलरीनच्या जागी इलेक्ट्रॉन घेणाऱ्या) रेणूंमुळे: २०१९ मध्ये १५.७ टक्के, त्यानंतर लहान घटांत १९-२० टक्के. त्यात नॅनोट्यूबचा वाटा नाही. नॅनोट्यूबनाच प्रकाश शोषायला लावणारे घट २०१४ मध्ये सुमारे ३ टक्क्यांवर होते.

‘आम्ही मिसळली आणि काहीच बिघडलं नाही’ असाही एक प्रकार असतो. तिथे आधी द्रावण गाळलं होतं का, ते विचारा. पॉलिमरचं द्रावण ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळायची सवय सगळ्यांना असते, आणि मायक्रोमीटरभर लांबीच्या ट्यूबच्या जुड्या तिथेच अडकतात. फिल्टर काळा झालेला दिसला, तर मोजलेला घट नॅनोट्यूबशिवायचा होता.