अंदाज चुकला तर पैसे कोण भरणार?

महाराष्ट्रात वीजदरावरून वाद पेटला की चिपळूणच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन मतं हमखास येतात. जैतापूरचं अणुवीज केंद्र वेळेत उभं राहिलं असतं तर ही वेळ आली नसती, हे एक. महावितरण खासगी करा, अमेरिकेत बघा कसं चालतं, हे दुसरं. दोन्ही मतांची माणसं माझ्या जवळची आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. कोकणात पावसाळ्यात वादळ झालं की दोन-दोन दिवस लाइट नसते, बिल मात्र वेळेवर येतं. पण मी अमेरिकेत ज्या जॉर्जिया राज्यात राहते तिथे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करून झाल्या आहेत. खासगी कंपनीही आहे आणि नव्या अणुभट्ट्याही आहेत. त्याचं पुढे काय झालं हे ग्रुपवरच्या चार ओळींत मावत नाही, म्हणून हा लेख.

व्होगल अणुऊर्जा प्रकल्पात दोन नव्या भट्ट्या बांधायला वीजदर ठरवणाऱ्या इथल्या राज्य आयोगाने २००९ मध्ये मंजुरी दिली. निम्म्याहून थोडा कमी वाटा जॉर्जिया पॉवर या खासगी कंपनीचा, बाकीचा ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा आणि नगरपालिकांच्या वीजसंस्थांचा. खर्चाचा अंदाज सुमारे १४ अब्ज डॉलर होता आणि वीज २०१६-१७ मध्ये मिळणार होती. २०१७ मध्ये भट्ट्यांचा आराखडा देणारी वेस्टिंगहाउस कंपनीच दिवाळखोरीत गेली. आयोगाच्या स्वतःच्या तज्ज्ञांनी तेव्हा सांगितलं की या अटींवर काम पुढे नेणं ग्राहकाला परवडणारं नाही. आयोगाने काम चालू ठेवलं. पहिली भट्टी जुलै २०२३ मध्ये आणि दुसरी एप्रिल २०२४ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आली, तेव्हा खर्च ३० अब्जांच्या पुढे गेला होता.

हे पैसे कुठून आले? २००९ मध्येच राज्याने कायदा केला की प्रकल्प पूर्ण व्हायच्या आधीच त्याच्या कर्जाचा भार कंपनीने ग्राहकांकडून वसूल करावा. २०११ पासून तो बिलात येऊ लागला. म्हणजे वीज मिळायच्या बारा वर्षं आधीपासून वसुली. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने बांधकाम खर्चापैकी आणखी ७.५६ अब्ज डॉलर ग्राहकांवर टाकायला परवानगी दिली.

आणि ज्या मागणीसाठी हे सगळं ठरलं होतं ती आलीच नाही. २००८ च्या मंदीनंतर इथली विजेची मागणी दहा-बारा वर्षं जवळजवळ जागच्या जागी राहिली आणि त्याच काळात नैसर्गिक वायू स्वस्त झाला. शेजारच्या साउथ कॅरोलायनात तर याच नमुन्याच्या दोन भट्ट्या सुमारे ९ अब्ज डॉलर खर्चून २०१७ मध्ये अर्ध्यावर सोडून दिल्या. त्या प्रकल्पात ५५ टक्के वाटा खासगी कंपनीचा आणि ४५ टक्के सॅन्टी कूपर या सरकारी वीजसंस्थेचा होता. खासगी कंपनीच्या प्रमुखाला पुढे तुरुंगवास झाला. ग्राहक मात्र एकही युनिट न मिळालेल्या त्या प्रकल्पाचे पैसे अजून भरत आहेत, मग त्यांची वीज खासगी कंपनीकडून येत असो की सरकारी संस्थेकडून.

व्होगलच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. २,२०० मेगावॉटच्या आसपास कार्बनमुक्त वीज आता रात्रंदिवस मिळते आणि ती साठ वर्षं तरी मिळत राहील. पण साठ वर्षांच्या फायद्याची किंमत आजच्या भाडेकऱ्याकडून, पेन्शनवर जगणाऱ्या आजोबांकडून आधीच काढून घ्यायची, आणि त्यांना विचारायचंही नाही, हे मला मान्य नाही.

वीजकेंद्र उभारणाऱ्यांची अडचण मोठी आहे, हे मला कळतं. अणुभट्टीला दहा-पंधरा वर्षं लागतात, कोळशाच्या संचाला पाच-सहा. मागणी मात्र तेवढा वेळ थांबत नाही, कधी येतच नाही. शिवाय वीज कमी पडली तर लोक रस्त्यावर येतात, जास्तीची पडून राहिली तर कुणाला दिसत नाही. त्यामुळे अंदाज फुगवण्याकडेच सगळ्यांचा कल असतो, नियोजन सरकारी असो वा खासगी.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याला हे नव्याने सांगायला नको. गुहागरजवळ अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प येऊ घातला तेव्हा १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज नाकारलं. कारण हेच दिलं होतं: इतकी महाग वीज, एवढ्या मोठ्या प्रमाणात, चोवीस तास घेण्याची राज्याला गरज नाही. तरी त्याच वर्षी करार झाला. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार, म्हणजे वीजकेंद्र तयार ठेवल्याची ठरलेली रक्कम, द्यायचा, तोही डॉलरशी बांधलेला, आणि नाफ्था हे इंधन महागलं तर तो भारही आपलाच. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. पुण्याच्या प्रयास संस्थेने आणि इतर अभ्यासकांनी कराराची गणितं आधीच मांडून दाखवली होती. नंतर सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने तेच अधिकृतपणे लिहिलं. पुढची दहा वर्षं राज्याने भारनियमन सोसलं आणि त्या भीतीने इतके करार केले की २०१५ च्या सुमारास वीज जास्त झाली. बंद ठेवलेल्या संचांचा स्थिर आकार महावितरणच्या, म्हणजे आपल्या, बिलात येत राहिला.

आता दोन्हीकडे डेटा सेंटरची, म्हणजे प्रचंड वीज लागणाऱ्या संगणक-केंद्रांची, लाट आहे. जॉर्जियात डिसेंबर २०२५ मध्ये आयोगाने सुमारे १०,००० मेगावॉट नव्या क्षमतेला मंजुरी दिली, त्यातली बहुतेक डेटा सेंटरच्या भरवशावर. आयोगाच्या तज्ज्ञांनी आधी सांगितलं होतं की एवढी मागणी खात्रीची नाही आणि ती आली नाही तर बोजा घरांवर पडेल. मग ते आणि कंपनी यांच्यात तडजोड झाली. मात्र एक गोष्ट इथे चांगली झाली आहे. १०० मेगावॉटहून मोठ्या नव्या ग्राहकांना वेगळ्या अटी लावायची मुभा आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये दिली, म्हणजे त्यांच्यासाठी केलेला खर्च त्यांच्याकडूनच घेता यावा. दुसरी गोष्ट लोकांनी केली. इथे आयोगाचे सदस्य निवडणुकीने ठरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी दोन विद्यमान सदस्यांना मोठ्या फरकाने घरी पाठवलं आणि प्रचाराचा मुद्दा वीजबिल हाच होता. मतदान केंद्रावर विजेच्या स्थिर आकाराबद्दल लोक बोलतात, हे मी इथे पहिल्यांदा पाहिलं आणि मला मनापासून आनंद झाला.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगासाठी मतदान नाही, पण दर ठरवताना सुनावणी आहे, आणि तिथे कुणीही हरकत नोंदवू शकतं. आज तिची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून १६,००० मेगावॉट सौरवीज शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या वेगळ्या वाहिन्यांवर, आणायचं ठरलं आहे. ही योजना मला पटते. रात्री विंचू-सापांत पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं हा न्याय आहे. पण त्या शेतीपंपांपैकी अनेकांना मीटर नाही, वापर अंदाजाने धरला जातो आणि वितरणातली गळती त्यात लपते असा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला जातो. आजचाच वापर नक्की माहीत नसेल तर २०३५ चा अंदाज कशावर बांधायचा? सौरवीज संध्याकाळी नसते, म्हणून सह्याद्रीत भिवपुरी, शिरवटा अशा ठिकाणी पाणी वर चढवून वीज साठवण्याचे प्रकल्प येत आहेत. जोडीला २०२४ मध्ये अदानी समूहाला ६,६०० मेगावॉटचं इरादापत्र दिलं गेलं, त्यात १,६०० मेगावॉट कोळशाचे. या सगळ्याची बेरीज एका कागदावर कुणी मांडली आहे का, आणि मांडली असेल तर ती गुहागरच्या ग्राहकाला वाचता येते का, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या ग्रुपवरच्या मित्रांनी जैतापूरवर जरूर भांडावं. तिथल्या ९,९०० मेगावॉटसाठी ठरलेल्या फ्रेंच बनावटीच्या भट्टीचा खर्च खुद्द फ्रान्समध्ये, फ्लामानव्हिलला, मूळ अंदाजाच्या तिपटीहून वर गेला, हेही त्या भांडणात यावं. पण पुढच्या सुनावणीला महावितरणकडे तीन गोष्टी लेखी मागा. मागच्या दहा वर्षांचे मागणीचे अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी शेजारी शेजारी. न वापरलेल्या विजेसाठी दरवर्षी किती स्थिर आकार भरला तो आकडा. आणि नवी मुंबईत येणाऱ्या डेटा सेंटरनी मागितलेली वीज उद्या उचलली नाही, तर करारातल्या कोणत्या कलमाने तो खर्च त्यांच्याकडून वसूल होणार. हरकतीचा मसुदा करायला मी इथून रात्री बसायला तयार आहे.